भोर-वेल्ह्याचा कोळसा आणि धुराचा जमाखर्च

तोरण्याच्या किंवा राजगडाच्या पायथ्याकडील जुन्या पाऊलवाटांनी जो मनुष्य जमिनीकडे लक्ष ठेवून चालेल, त्यास उतारावरच्या एखाद्या लहानशा सपाटीवर मधूनच काळ्या मातीचे वर्तुळ आढळेल. भोवतालची माती तांबूस असते. ही मात्र काजळीसारखी. काठीने उकरून पाहिल्यास कोळशाचे बारीक तुकडे वर येतात. गडावरील तटबुरुजांचे वय सांगणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि ते असावेत हे योग्यच आहे. परंतु या वर्तुळाचे वय विचारणारा विरळा. ही कोळशाच्या भट्ट्यांची जुनी ठाणी होत. भोर आणि वेल्हे या मुलखांतील सनदा, महजर व करीने संशोधकांनी मोठ्या कष्टाने उजेडात आणले. ज्यात कागदाचा एक चिटोराही नाही असे हे डोंगरावरचे दप्तर मात्र बहुतांशी वाचावयाचेच राहून गेले आहे. ते थोडेसे वाचून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय आताच काढण्यास कारण आहे. दगडी कोळशाचा वायू करावा, त्या वायूपासून खते, मेथॅनॉल, मोटारीचे तेल इत्यादी पदार्थ बनवावे आणि परदेशी तेलावरील आपले अवलंबन कमी करावे, असे सरकारचे धोरण ठरले आहे. २०३० सालापर्यंत १० कोटी टन कोळशाचा वायू करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले असून जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांची साहाय्ययोजना मंजूर केली. महाराष्ट्र सरकारनेही २०२३ साली दाव्होस येथे चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या अशाच एका प्रकल्पासाठी करार केला. या उद्योगाची दुसरी बाजू अशी, की त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आमच्या आधीच्या पिढीचा कर्बाम्ल वायू, धुराड्यातून मोकळा न सोडता धरून ठेवावा आणि भूगर्भात कायमचा पुरावा, असा विचार आता जगभर मांडला जात आहे.

वाचक विचारील, की या सर्वाचा भोर-वेल्ह्याशी संबंध काय? या मुलखात दगडी कोळशाची खाण नाही आणि कधी सापडण्याचा संभवही दिसत नाही. दक्षिणेस कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी १,५२२ मीटर खोल विवर घेतले, तेव्हा ९३३ मीटर जाडीचा काळा पाषाण भेदून गेल्यावर खाली थेट ग्रॅनाइटाचा प्राचीन पाया लागला. तरीही संबंध आहे आणि तो दुहेरी आहे. एक तर पेट्रोलाच्या जागी दुसरे इंधन शोधण्याचा प्रसंग आपल्या प्रांतावर एकदा येऊन गेला असून त्या वेळी सह्याद्रीच्या असल्याच डोंगरांचे लाकूड मोटारींच्या पोटात गेले. दुसरे असे, की आता ज्या खडकात हा वायू पुरण्याची भाषा चालली आहे, तो आपल्या पायाखालचाच काळा पाषाण होय. या दोन टोकांमधला इतिहास तपासला असता आम्हांस एक गोष्ट पुनःपुन्हा आढळली. टंचाईच्या काळी मनुष्य एक इंधन सोडून दुसरे धरतो, त्या वेळी तो नव्या इंधनाचा हिशेब मांडतो खरा. परंतु त्या वहीतला एक रकाना नेहमी कोरा राहतो आणि तो पुढे भलत्यालाच भरावा लागतो.

प्रथम मुलखाची ओळख. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. त्याच्या तालुक्यांची नावेही गडांवरून पडलेली : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर ते मुंबई प्रांतात विलीन झाले. वेल्हे तालुक्यास तर आता राजगड हेच नाव मिळाले आहे. लोकांच्या जिभेवर मात्र अजून वेल्हेच आहे आणि आम्हीही तेच वापरतो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी आणि मोसे या नद्यांची ही खोरी. खाली भात, वर नाचणी व वरी, त्याच्याही वर झाडी आणि कातळ, अशी येथील जमिनीची चढती मांडणी. पेरणीपूर्वी झाडांचे टहाळ तोडून, वाळवून शेतात राब भाजावयाचा, आणि हिवाळ्यात हिरडा गोळा करून व्यापाऱ्यास विकावयाचा, या दोन कारणांनी कुणब्यास झाड उभे असणे गरजेचे होते. ऐन, हिरडा, जांभूळ, अंजनी हे वृक्ष त्याच्या मालकी जमिनीत टिकून राहिले ते त्याच्या काव्यदृष्टीमुळे नव्हे, तर त्याच्या व्यवहारामुळे. देवाच्या नावाने राखलेल्या रायांची गोष्ट वेगळी. तेथे कोयतीस मुळातच मज्जाव होता.

अशा झाडीत भट्टी लागते ती कशी, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. झाड तोडून त्याचे हात-दीड हात लांबीचे तुकडे करतात. सपाट केलेल्या जागेवर ते रचून घुमटासारखा ढीग उभा करतात, त्यावर पालापाचोळा पसरून मातीने लिंपून घेतात आणि विस्तव आत सोडतात. यातले कौशल्य जाळण्यात नसून जळू न देण्यात आहे. हवा अधिक गेली तर लाकडाची राख होते; कमी गेली तर लाकूड कच्चे राहते. म्हणून कोळसे पाडणारा रात्रंदिवस भट्टीजवळ बसून राहतो, धुराचा रंग पाहतो, एक भोक बुजवतो, दुसरे उघडतो. पांढरा दाट धूर असेपर्यंत लाकडातले पाणी जात आहे असे समजावे. तो निळसर आणि विरळ झाला की काम होत आले. मग भट्टी पूर्ण बुजवून निवू द्यावयाची. हे सर्व ज्ञान पिढीजात असे आणि त्याची मजुरी अत्यल्प असे. कातकऱ्यांची कितीतरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर ठेकेदाराची उचल घेऊन भट्ट्यांवर जात. अशी उचल फिटता फिटत नसे. सह्याद्रीच्या उभय अंगांना ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि तिचे अवशेष अद्याप शिल्लक आहेत.

आता या भट्टीचा हिशेब मांडू. मातीच्या भट्टीत १०० शेर सुक्या लाकडाचा कोळसा १५ ते २० शेरच पडतो. लाकडाच्या वजनाचा निम्मा भाग कार्बन असतो आणि कोळशात तो सुमारे चारपंचमांश असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे झाडाने हवेतून वर्षानुवर्षे गोळा केलेल्या कार्बनापैकी फार तर एक तृतीयांश भाग पोत्यात जातो. उरलेला दोन तृतीयांश भट्टीच्या धुरातच नाहीसा होतो, हे उघड आहे. बाजारात कोळशाचा भाव ठरतो तो त्या एक तृतीयांशावर. धुराचा भाव कोणीच करीत नाही. हाच तो कोरा रकाना. आमच्या पुढील सर्व विवेचनात हा धूर वेगवेगळी रूपे घेऊन परत येणार आहे, तेव्हा वाचकांनी त्यास विसरू नये.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर या कोळशास एक अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. १९४१ साली हिंदुस्थानात पेट्रोलाचे नियंत्रण सुरू झाले. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तेथील विहिरींचे तेल बंद पडले. सैन्यास जे लागेल ते आधी. उरले तर सर्व्हिस मोटारींना. अशा वेळी मोटारीच्या पाठीमागे पिंपासारखी एक लोखंडी भट्टी बसवून तीत कोळसा पेटवावयाचा आणि त्याच्या वायूवर इंजिन चालवावयाचे, ही युक्ती सर्वत्र प्रचारात आली. युरोपात तिचा प्रसार आधीच झाला होता. फ्रान्समधील झोर्झ ऐंबेर याने १९२० नंतरच्या दशकात लाकडाच्या वायूचे यंत्र सुधारून मोटारीवर बसण्याजोगे केले होते. युद्धाच्या अखेरीस एकट्या जर्मनीत अशी सुमारे पाच लाख वाहने धावत होती असे सांगतात. तटस्थ राहिलेल्या स्वीडनमध्ये तर रस्त्यावरील बहुतेक मोटारी याच वायूवर चालत.

यंत्राची क्रिया साधी होती. तापलेल्या कोळशावरून बेताची हवा ओढून घेतली म्हणजे कार्बनाचे ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू तयार होतो. थोडी वाफ मिसळल्यास हायड्रोजनही मिळतो. परंतु हवेतील नायट्रोजन त्याबरोबर येतोच आणि तो निम्म्याहून अधिक जागा अडवतो. त्यामुळे इंजिनाची शक्ती एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटे. सकाळी भट्टी पेटवून पंखा फिरवीत बसावे तेव्हा कोठे गाडी सुरू व्हावी. राख व काजळी काढून गाळण्या रोज साफ कराव्या. आणि वायू विषारी म्हणून बंद जागेत जिवाची धास्ती बाळगावी. त्या काळात प्रवास केलेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून चढावर उतारूंनी खाली उतरून चालण्याच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत. पुण्याहून भोरला जावयाचे तर कात्रजचा घाट चुकत नाही. पलीकडे महाडास उतरावयाचे तर वरंधा घाट आहे. सपाटीवरच्या युक्तीची परीक्षा घाटात होते, हे या मुलखास कोणी सांगावयास नको.

या गैरसोयींच्या गोष्टी आज विनोदाने सांगितल्या जातात; हिशेब मात्र विनोदाचा नाही. एक लिटर पेट्रोलाचे काम करण्यास सुमारे दीड किलो कोळसा लागे. दीड किलो कोळसा म्हणजे आठ-दहा किलो लाकूड. दिवसास २० लिटर पेट्रोल जाळणारी एकच सर्व्हिस मोटार कोळशावर चालवली, तर ती रोज दीडदोनशे किलो लाकूड, म्हणजे महिन्यास पाच-सहा टन लाकूड गिळे. पेट्रोल वाचले हे खरे. परंतु ते वाचवले डोंगराने. मोटारमालकाच्या वहीत कोळशाचा भाव होता, ठेकेदाराच्या वहीत उचल होती, सरकारच्या वहीत वाचलेले पेट्रोल होते. तुटलेल्या ऐनाच्या जागी नवा ऐन येण्यास किती वर्षे लागतात, हा आकडा मात्र कोणाच्याच वहीत नव्हता. युद्ध संपले, पेट्रोल परत आले, मोटारींच्या पाठीवरची भट्टी उतरली. डोंगरावरची भट्टी मात्र उतरली नाही. शहरातील शेगड्या, इस्त्र्या आणि लोहारांचे भाते यांस कोळसा पाहिजेच होता, आणि पुण्याची वस्ती वाढतच होती.

पुढील प्रकरण पानशेतचे. आंबी नदीवरील हे धरण पुरे होत आले असता १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे शहराचा मोठा भाग वाहून गेला, हे सर्वश्रुत आहे. त्याची आठवण शहराने जपली आहे. परंतु धरणामुळे वरच्या खोऱ्यात जे घडले त्याची आठवण शहरास नाही. ती नोंदवली शास्त्रज्ञांनी. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी १९७० नंतरच्या वर्षांत या भागातील देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि १९७५ व १९७६ साली त्यांविषयी लिहिले. १९७९ साली गाडगीळांनी पश्चिम घाटातील डोंगर, धरणे आणि जंगले यांच्या परस्परसंबंधावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्यांतून दिसणारे चित्र थोडक्यात असे. खोऱ्यातील उत्तम भातजमीन पाण्याखाली गेल्यावर काही कुटुंबे मूळ जागा सोडून उतारावर चढली आणि तेथील झाडी मोडून नाचणी-वरी पिकवू लागली. धरणाच्या बांधकामासाठी रस्ता झाला आणि त्याच रस्त्याने कोळशाचे व्यापारी वर आले. ज्याची जमीन बुडाली त्यास रोकड हवी होती. मालकीतील झाडे मातीमोलाने विकली गेली. पिढ्यान्‌पिढ्या राबासाठी आणि हिरड्यासाठी राखलेली झाडी थोड्या वर्षांत भट्ट्यांत गेली. कित्येक राया देखील सुटल्या नाहीत. गवत गेले, माती सुटली आणि ती ज्या तलावासाठी हे सर्व झाले त्याच तलावात जाऊन बसू लागली.

यात दोष कोणाचा? ठेकेदारास दोष देणे सोपे आहे आणि कुणब्यास अडाणी म्हणणे त्याहूनही सोपे. आमच्या मते दोष जमाखर्चाच्या पद्धतीचा आहे. शहरास पाणीही हवे होते आणि कोळसाही हवा होता. दोन्ही एकाच डोंगराकडून घेतले. एकाने दुसऱ्याचा घात केला. आणि ज्याच्या दारात हे घडले त्यास व्यवहाराचा पक्षकार म्हणून कोणी बसवले नाही. आम्ही पुण्यात राहून पानशेतचेच पाणी पितो, तेव्हा हे लिहिताना आपण त्रयस्थ आहो असा आव आणणे आम्हांस शोभणार नाही.

आता लाकडी कोळसा सोडून दगडी कोळशाकडे वळू. कारण हीच कथा तिकडे शंभरपट मोठ्या प्रमाणावर घडली आहे. कोळशाचा वायू आपल्याकडे नवा नाही. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली पेटलेले वायूचे दिवे कोळशाच्याच वायूवर चालत. परंतु कोळशाचे तेल करणे हे जर्मनांचे कर्तृत्व. फ्रीड्रिख बेर्गियुस याने १९१३ च्या सुमारास प्रचंड दाबाखाली कोळशात हायड्रोजन कोंबून तेल काढण्याची कृती सिद्ध केली; तिच्यासाठी त्यास १९३१ साली कार्ल बॉश याच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. १९२५ साली म्यूलहाइम येथे फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी दुसरी वाट दाखवली. कोळशाचा आधी वायू करावयाचा आणि मग योग्य उत्प्रेरकावरून तो नेऊन त्याचे तेल जुळवावयाचे. आपल्या बंगळूरच्या विज्ञानसंस्थेतही ज्ञानचंद्र घोष यांनी या क्रियेवर संशोधन केले होते. १९४४ च्या आरंभी जर्मनीत असे सुमारे २५ कारखाने दिवसास १,२४,००० पिंपांहून अधिक तेल काढीत आणि तेथील विमानांचे बहुतेक सर्व पेट्रोल त्यांतूनच येई. १२ मे १९४४ पासून दोस्तांच्या विमानांनी लॉयना व इतर ठिकाणच्या कारखान्यांवर हल्ले चढवले, तेव्हा तेलाबरोबर जर्मन वायुदलही लुळे पडले. या तेलाचा भाव पैशात किती पडे याची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु आउश्वित्झजवळच्या मोनोविट्झ येथे कृत्रिम रबर व तेल यांसाठी जो कारखाना उभारला जात होता, त्यावर छळछावणीतील बंदी राबवले गेले आणि हजारोंनी मेले, हा त्या भावाचा खरा आकडा होय.

युद्धानंतर स्वस्त तेलाच्या पुरात ही विद्या मागे पडली. ती टिकली दक्षिण आफ्रिकेत. तेथे १९५० साली सासोल ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली तिने कोळशापासून पहिले पेट्रोल काढले. वर्णद्वेषी राजवटीस तेल विकण्यावर जगाने निर्बंध घातले आणि १९७९ च्या क्रांतीनंतर इराणनेही पुरवठा तोडला, तेव्हा सेकुंडा येथे आणखी दोन अवाढव्य कारखाने १९८० व १९८२ साली सुरू झाले. ती राजवट गेली, कारखाने राहिले. एकाच स्थळाहून सर्वांत अधिक कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या जगातील ठिकाणांत आज सेकुंडाचे नाव अग्रभागी घेतले जाते. मावळातील भट्टी, लॉयना आणि सेकुंडा ही तिन्ही टंचाईचीच अपत्ये. आणि तिन्ही ठिकाणी धुराचा रकाना कोराच.

हा केवळ कारखानदारांचा निष्काळजीपणा आहे असे मात्र कोणी समजू नये. दोष रसायनशास्त्रात रुजलेला आहे. पेट्रोलात कार्बनाच्या प्रत्येक अणूमागे हायड्रोजनाचे सुमारे दोन अणू असतात. दगडी कोळशात एकही पुरता नसतो. ही उणीव भरून काढावयाची तर हायड्रोजन आणावयाचा कोठून? तो पाण्यातून ओढून काढतात. परंतु पाण्यातील प्राणवायू काही फुकट सुटत नाही. तो आपल्याबरोबर कार्बन घेऊन कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो. कोळसा म्हणजे निव्वळ कार्बन असे धरून हिशेब केला, तर तीन अणूंपैकी दोन इंधनात जातात आणि एक धुरात. खऱ्या कोळशात थोडा हायड्रोजन असतो, त्याने हा हिशेब किंचित सुधारतो. क्रियेस लागणारी उष्णता देण्यासाठी आणखी कोळसा जाळावा लागतो, त्याने तो पुन्हा बिघडतो. सारांश, निम्माअधिक कार्बन कारखान्यातच वायुरूप होतो. मातीच्या भट्टीतला दोन तृतीयांशाचा धूर आणि अत्याधुनिक कारखान्यातला हा निम्मा धूर यांत, इतका काळ लोटूनही, अंतर फारसे पडलेले नाही.

एका बाबतीत मात्र नवा कारखाना जुन्या भट्टीहून सरस आहे. भट्टीचा धूर चहूकडून निसटतो. कारखान्यातील वायू नळीतून जातो आणि बराच शुद्ध स्वरूपात वेगळा काढता येतो. म्हणून तो धरणे तुलनेने सोपे. अमेरिकेत नॉर्थ डकोटा संस्थानात १९८४ साली सुरू झालेला ग्रेट प्लेन्स कारखाना लिग्नाइटाचा वायू करतो. तेथील कार्बन डायऑक्साइड २००० सालापासून सुमारे ३३० किलोमीटर लांब नळाने कॅनडातील वेबर्न येथे नेऊन जमिनीत सोडला जातो. ही गोष्ट अनुकरणीय खरी. तथापि तेथे तो सोडतात तो जुन्या विहिरींतील उरलेसुरले खनिज तेल वर ढकलण्यासाठी, हेही सांगितले पाहिजे. शिवाय कारखान्याने आपला अर्धा धूर कितीही काटेकोरपणे पुरला, तरी दुसरा अर्धा तेलाबरोबर मोटारीत जातो आणि तिच्या नळीतून हवेत मिसळतो. तो धरण्याचा उपाय कोणाकडे नाही. तेव्हा धूर धरलेले कोळशाचे तेल हे फार तर साध्या खनिज तेलाच्या पंक्तीस येऊन बसते. त्याहून शुद्ध होत नाही.

येथे आपला काळा पाषाण पुढे येतो. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे हे पठार झाले. त्या वेळीही वायू हवेत गेला; परंतु नंतर लक्षावधी वर्षे पावसाच्या पाण्याने या खडकास झिजवताना त्यातील चुना व मॅग्नेशियम यांच्याशी कार्बन डायऑक्साइडाचा संयोग झाला आणि वायूचा पुष्कळ भाग परत बांधला गेला. पुण्याच्या परिसरात खडक फोडला असता त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटांच्या शेजारी कॅल्साइटाचे जे स्फटिक सापडतात, ते या संयोगाचेच साक्षीदार. निसर्ग जे लक्षावधी वर्षांत करतो ते लवकर घडवता येईल काय? आइसलंडमध्ये २०१२ साली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टात सोडण्यात आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणे त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत दगड झाला. वायू पुरला तर तो पुन्हा वर येईल काय, ही भीती दगडाच्या बाबतीत राहत नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात भारताच्या भूगर्भात तत्त्वतः ४०० ते ६०० अब्ज टन वायू मावेल असा अंदाज असून त्यात दख्खनच्या खडकाचा वाटा मोठा धरलेला आहे.

भोर-वेल्ह्यात असले विवर घ्यावे असा प्रस्ताव नाही. आम्ही त्यांचे नाव घेतो ते या खडकाचा नमुना म्हणून. पण नमुन्यावरून हिशेब करता येतो. आइसलंडच्या रीतीने एक टन वायू पुरण्यास सुमारे २५ टन पाणी लागते. वर्षास १० लाख टन वायू पुरावयाचा, म्हणजे एका मध्यम कारखान्याचाही सगळा धूर नव्हे, तर अडीच कोटी टन पाणी पाहिजे. धरणांच्या भाषेत हे ०.८८ टीएमसी होते. पानशेतचा साठा १०.६५ टीएमसी, म्हणजे त्याचा बारावा हिस्सा. ज्या खोऱ्यांनी एकदा पाण्यासाठी भातजमीन आणि कोळशासाठी झाडी दिली, तशाच खोऱ्यांकडे हा तिसरा हात पसरला जाईल. पाण्यावाचून कोरडा वायूच दाबून सोडण्याची रीतही आहे. अमेरिकेतील वलुला येथे २०१३ साली तसे सुमारे हजार टन वायूवर करून पाहिले आणि तेथेही खडकात खनिजे बनलेली आढळली. परंतु त्यासाठी खोल आणि अभेद्य झाकणाचा थर हवा. आणि दाबाखाली काहीही खडकात कोंबण्यापूर्वी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवावा. नुसत्या जलाशयाच्या भाराने व झिरपणाऱ्या पाण्याने हा खडक हलतो, असे मानणाऱ्या शास्त्रज्ञांचा पक्ष आज प्रबळ आहे.

यावरून आम्ही या विद्येचे शत्रू आहो असा ग्रह कोणी करून घेऊ नये. सिमेंट, पोलाद, खते यांचे धूर टाळता येण्याजोगे नाहीत. ते दगडात बांधता आले तर ती मोठीच सिद्धी होईल, आणि आपल्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी विवरे जरूर घ्यावी. आमचे म्हणणे एवढेच, की धूर पुरता येईल या भरवशावर नवा धूर निर्माण करणे आणि जो धूर अटळ आहे तो पुरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे समर्थन दुसरीच्या नावाने होऊ लागले, की रकाना पुन्हा कोरा राहू लागला असे समजावे. भद्रावतीच्या कारखान्याच्या कागदपत्रांत कोळसा किती, पाणी कोणत्या नदीचे, वायू किती निघणार, त्यातला किती धरणार, कोठे नेणार आणि जेथे नेणार तेथील गावास कोणी विचारले, ही सहा उत्तरे आरंभीच लिहिलेली असावी. १९४१ साली हे प्रश्न विचारण्याचे भान कोणास नव्हते. महायुद्धाची घाई होती. पानशेतच्या वेळी भान असावयास हवे होते. आता घाईचे निमित्त सांगता येणार नाही.

मागील पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो होतो. काळ्या मातीच्या एका वर्तुळात कारवी दाट माजली होती आणि कडेला ऐनाचे एक रोप कमरेइतके उंच झाले होते. बरोबरच्या गावकऱ्यास आम्ही विचारले, की याचे झाड व्हावयास किती वर्षे लागतील? तो म्हणाला, "तोडलं नाही तर आमच्या नातवाच्या वेळेला हुईल की." इंधनाच्या कोणत्याही वहीत घालण्यासारखा हा आकडा आहे, आम्ही तो येथे नोंदवून ठेवतो.